स्थानिक बधिरकांची ‘कमाल मात्रा’ : एका संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
संपूर्ण भूल न देता केवळ हात किंवा पाय बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची नर्व्ह ब्लॉक ही पद्धती आज सर्वत्र रूढ आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९४७) विदर्भासोबतच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. अशा ठिकाणी शिकणारा विद्यार्थी औषधाच्या कमाल मात्रेचा तक्ता प्रथम पाठ करतो. या तक्त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेतील उणीव :
रोझेनबर्ग, व्हीरिंग व अर्मी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या तक्त्याची मूलगामी चिकित्सा केली. एपिनेफ्रिनविरहित लिग्नोकेनची कमाल मात्रा अमेरिकेत ३०० मि.ग्रॅ., तर जर्मनी व स्वीडनमध्ये २०० मि.ग्रॅ. मानली जाते. औषध एकच आणि मानवी शरीरही एकच असताना आकडे भिन्न असावेत, यावरूनच त्यांचा शास्त्रीय आधार किती तोकडा आहे हे दिसते. शिवाय शोषणाचा वेग टोचण्याच्या जागेवर अवलंबून असतो. बरगड्यांमधील ब्लॉकनंतर रक्तातील पातळी सर्वाधिक चढते. एपिड्युरल व भुजजालाच्या ब्लॉकमध्ये ती क्रमाने कमी असते, तर मांडीच्या ब्लॉकमध्ये त्याहूनही कमी. सर्व जागांसाठी एकच आकडा सांगणे म्हणूनच असमर्थनीय ठरते.

निबंधाची मर्यादा :
येथपर्यंत लेखकत्रयीशी सहमत व्हावे लागते. तथापि प्रौढांत वजन व रक्तातील पातळी यांचा संबंध क्षीण असतो, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडे जपून स्वीकारले पाहिजे. एक साधे गणित पाहू. ०.५ टक्के ब्युपिव्हाकेनच्या प्रत्येक मि.लि.मध्ये ५ मि.ग्रॅ. औषध असते, म्हणजे ३० मि.लि.मध्ये १५० मि.ग्रॅ. हा आकडा अनेक तक्त्यांच्या सरसकट मर्यादेत बसतो. परंतु ४० किलो वजनाच्या शेतमजूर स्त्रीसाठी ती मात्रा प्रतिकिलो ३.७५ मि.ग्रॅ. होते. प्रतिकिलो २ मि.ग्रॅ. हा प्रचलित नियम लावल्यास तिची मर्यादा केवळ ८० मि.ग्रॅ. आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ रीजनल अॅनेस्थेशियाच्या अलीकडच्या मार्गदर्शनातही अल्प स्नायूभार हा धोक्याचा घटक मानला आहे. तेव्हा तक्ता अपुरा असला, तरी कृश रुग्णाच्या बाबतीत वजनाचा हिशेब सोडून चालणार नाही. लिग्नोकेन व ब्युपिव्हाकेन एकत्र दिल्यास त्यांची विषारीताही एकत्र मोजावी लागते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. औषध थेट रक्तवाहिनीत गेले, तर मर्यादेच्या आतील मात्राही घातक ठरू शकते. ब्युपिव्हाकेनमुळे हृदय बंद पडण्याच्या धोक्याकडे अल्ब्राइट यांनी १९७९ मध्येच लक्ष वेधले होते. अल्ट्रासाऊंडमुळे धोका घटतो, नाहीसा होत नाही. म्हणून मात्रा थोडीथोडी देणे, दर वेळी सुई मागे ओढून रक्त येते का हे पाहणे आणि रुग्णाशी बोलत राहणे आवश्यक आहे.

भाषेचा प्रश्न :
या शेवटच्या मुद्द्याकडे वैद्यकीय वाङ्मयात पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज ही आरंभीची लक्षणे रुग्णाने सांगितली तरच कळतात. वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला ती त्याच्या बोलीत आधीच समजावून दिली नसतील, तर झटके येईपर्यंत कोणालाच काही कळणार नाही. गुंगीचे औषध अधिक दिले असल्यास हीच अडचण उद्भवते.

निष्कर्ष :
वाइनबर्ग यांच्या १९९८ च्या प्रयोगांनंतर आणि २००६ मधील पहिल्या यशस्वी वापरानंतर २० टक्के लिपिड इमल्शन हा उपचार मान्य झाला आहे. आरंभी ते प्रतिकिलो १.५ मि.लि. देतात. जेथे ब्लॉक दिला जातो, तेथे ते हाताशी असलेच पाहिजे. कमाल मात्रेचा तक्ता अध्यापनातून वगळावा असे येथे सुचवायचे नाही. तो आरंभबिंदू म्हणून शिकवावा. जागा, वजन, वय, गर्भावस्था व यकृत-हृदयाची स्थिती यांचा विचार त्यानंतर अपरिहार्य आहे. आकडा पाठ असणे म्हणजे रुग्ण सुरक्षित असणे नव्हे, एवढे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबले तरी पुष्कळ झाले.