‘ब्रह्मदेशाची वीणा’ : सोबत्यांचे प्रेम आणि मेत्ता

मिचिओ ताकेयामा यांची ‘ब्रह्मदेशाची वीणा’ ही जपानी कादंबरी १९४७-४८ साली मुलांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९५६ साली कोन इचिकावा यांनी तिच्यावर चित्रपट काढला. ब्रह्मदेशात पाठविलेल्या सुमारे तीन लाख जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. ताकेयामा शिक्षक होते, आणि त्यांचे विद्यार्थीही युद्धात मरण पावले होते. ब्रह्मदेश मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

कथेतील तुकडी गाणी गाते, मिझुशिमा वीणा वाजवितो. तो बेपत्ता झाल्यावर मुदोनच्या बंदिछावणीतील सोबती एका पोपटाला शिकवितात : ‘मिझुशिमा, आपण मिळून जपानला परत जाऊ.’ स्वतःच्या तोंडाने जे बोलवत नाही, ते ही माणसे पाखराकडून वदवितात. सैनिकांच्या परस्परप्रेमाचे इतके खरे चित्र आम्ही क्वचितच वाचले आहे. परंतु हेच प्रेम त्रिकोणी डोंगरावरील दुसऱ्या तुकडीला एकजुटीने मरणाकडे नेते. शरणागती सुचविणारा मिझुशिमा तिला भ्याड वाटतो. लेखकाने ही दुसरी बाजू झाकलेली नाही, हे त्याचे मोठेपण होय.

पुढे मिझुशिमा भिक्खू होतो व बेवारस प्रेतांना मूठमाती देण्यासाठी मागे राहतो. चित्रपटात तर तो चीवर चोरतो; चोरून भिक्खुवेष घेऊन संघात वावरणाऱ्याला विनयपिटकात ‘थेय्यसंवासक’ म्हटले असून त्याला उपसंपदा नाकारली आहे. वादनाचा निषेध तर श्रामणेराच्या सातव्या शिक्षापदातच आहे. पण ब्रह्मदेश न पाहिलेल्या लेखकाकडून विनयाची काटेकोर अपेक्षा कशाला?

आमचा आक्षेप निराळा आहे. मिझुशिमाची करुणा तुकडीपासून अनोळखी जपानी मृतांपर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते. ज्यांच्या शेतांत हे युद्ध झाले ते ब्रह्मी शेतकरी, समोरच्या सैन्यात फार मोठ्या संख्येने असलेले हिंदी शिपाई, यांच्या अस्थी कथेत कोणी वेचीत नाही. ‘विसुद्धिमग्ग’ मेत्तेची कसोटी ‘सीमासंभेद’ ही सांगतो. स्वतः, प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले असता दरोडेखोरांनी बळीसाठी एक मागितला, तर खऱ्या मेत्ताविहाऱ्याला चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही. स्वतःलाही तो देत नाही.

आश्चर्य असे, की ही सीमा कादंबरीत एकदा ओलांडली गेली आहे, पण ती मिझुशिमाने नव्हे. इंग्रजी इस्पितळातील माणसे अज्ञात जपानी सैनिकांचे दफन करून प्रार्थनागीत गातात. ते ऐकूनच मिझुशिमाचे पाय थबकतात.