रामरक्षेचा ‘प्रायमरी आउटकम’ कोणता?

गेल्या वर्षी माझ्या मावशीने रक्तदाबाची गोळी पंधरा दिवस बंद ठेवली होती. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. रोज रामरक्षा म्हटल्याने रक्तदाब आटोक्यात येतो, म्हणे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मावशी लहानपणापासून रामरक्षा म्हणते, तिला नुसतं ‘असं काही नसतं’ म्हणून भागणार नव्हतं. म्हणून मूळ पेपर शोधला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे उदाहरण जरूर तपासून बघा.

मेसेजच्या मुळाशी सापडला तो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला. त्यात रामरक्षेचं नावही नाही. २३ निरोगी माणसांनी ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र आणि जपमाळेवरची लॅटिन ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि बॅरोरिफ्लेक्स, म्हणजे रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा, जास्त संवेदनशील झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळी, परिणाम सारखा. मग तो शब्दांचा की श्वासाच्या गतीचा? शिवाय हे मोजमाप म्हणत असतानाचं आहे, आणि तेही रक्तदाबाचे रुग्ण नसलेल्यांचं. पेपर चांगला आहे. त्याच्या नावावर खपवलेला निष्कर्ष वाईट आहे.

आता रामरक्षेकडे या. तिचा मुख्य छंद अनुष्टुप, अर्ध्या श्लोकात १६ अक्षरं. ती सावकाश म्हणायला सहा-सात सेकंद आणि श्वास घ्यायला तीन धरले, तर मिनिटाला सहाच श्वास होतात! पण हे झालं गृहीतक, पुरावा नाही. माझी आजी कुकरच्या शिट्ट्या मोजत जी रामरक्षा म्हणते, तिला हा हिशोब मुळीच लागू पडणार नाही.

मला खरी गंमत वाटते ती स्तोत्राच्या सुरुवातीची. ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुप, सीता शक्ती, हनुमान कीलक असं सगळं सांगून विनियोगात जपाचा हेतू स्पष्ट दिलाय: श्रीरामाची प्रीती. दीर्घायुष्य, विजय, विनय वगैरे फळं पुढे येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी आउटकम आधीच नोंदवलेला आहे. मेसेजवाल्यांनी तो गुपचूप बदलून तिथे रक्तदाब बसवला. क्लिनिकल ट्रायलमध्ये कुणी असं केलं तर आपण त्याला ‘आउटकम स्विचिंग’ म्हणतो आणि पेपर परत पाठवतो.

आणि या अदलाबदलीत स्तोत्र वाचायचंच राहून जातं. त्यातलं कवच डोक्यापासून पायापर्यंत उतरतं, आणि बऱ्याच अवयवांना रामाचं नेमकं नाव मिळतं. डोळ्यांना कौसल्येचा मुलगा, दंडांना शिवधनुष्य मोडणारा, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. म्हणजे म्हणणारा आपल्याच अंगावरून रामकथा वाचत खाली येतो. संध्याकाळी दिव्यापाशी म्हणताना माणसाला धीर का येतो, याचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. हा धीर मोजायचा झाला तर प्रश्नावली लागेल, मुलाखती लागतील, आणि तुलनेसाठी तितक्याच लयीत दुसरं काही, समजा पाढे, म्हणणारा गट लागेल. म्हणणाऱ्याची श्रद्धा मात्र लॉटरी काढून वाटता येत नाही. माझ्या मते तुमच्या डिझाइनची खरी अडचण तिथे आहे.

मावशीला मी पेपर समजावला नाही. विनियोग वाचायला सांगितला. तिने दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे यात बीपीचं काहीच नाही?” गोळी त्याच रात्री सुरू झाली. रामरक्षा तर बंद झालीच नव्हती.