स्वभाव आणि अवस्था : उजळणीच्या वहीतील पात्रे

शालान्त परीक्षेला बसलेल्या एका मुलीची मराठीची वही मध्यंतरी पाहण्यात आली. उजळणीसाठी तिने प्रत्येक पानावर तीन रकाने आखले होते : पात्राचे नाव, स्वभावविशेष आणि पुरावा. एका पानावर 'श्यामची आई' असे लिहून समोर प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, स्वाभिमानी, श्रद्धाळू अशी विशेषणे एकाखाली एक मांडली होती. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक विशेषणासाठी एकेक प्रसंग, तोही चार-पाच शब्दांत. पुढच्या पानावर अंतू बर्वा होता : तिरकस, स्पष्टवक्ता, विक्षिप्त, विनोदी, आणि सर्वांत खाली शिसपेन्सिलीने लिहिलेला 'प्रेमळ' हा शब्द, त्यापुढे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह कशासाठी, असे विचारता ती म्हणाली, "शेवटी तो अंगारा देतो ना, तो कशात घालायचा ते कळत नाही."

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या प्रश्नचिन्हाचा. शालेय परीक्षा, मार्गदर्शके आणि त्यांतील ठोकळेबाज उत्तरे यांची टवाळी करणे सोपे आहे व ती पुष्कळ झालीही आहे. तिच्यात एक गोष्ट नजरेआड होते. मुलीने आखलेला तक्ता हा अडाणीपणाचा नमुना नसून पात्राविषयीचा एक सिद्धान्त आहे. पात्र म्हणजे स्थिर गुणांचा समुच्चय. संहितेतील प्रसंग हे त्या गुणांची उदाहरणे. आणि वाचन म्हणजे उदाहरणावरून गुणाकडे जाणे, असा तो सिद्धान्त आहे. परीक्षेला तो मानवतो, कारण विशेषणे मोजता येतात. शिवाय त्या तिसऱ्या रकान्याचे मोल कमी लेखू नये. गुण सांगितला की पुरावा दिला पाहिजे, ही शिस्त आपल्या कित्येक नामवंत समीक्षकांनाही पाळता आलेली नाही.

या सिद्धान्ताची पाश्चात्त्य वंशावळ सर्वपरिचित आहे. ए. सी. ब्रॅडली यांचा शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरील ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. नाटकातील माणसांना नाटकाबाहेरही आयुष्य असावे, अशा विश्वासाने त्यांचे स्वभाव उकलून दाखविण्याची त्यातील रीत पुढे वर्गावर्गांतून रुजली. १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा खोचक प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारून तिची थट्टा केली. थट्टेने विद्यापीठीय समीक्षा थोडी शहाणी झाली. वर्गाला मात्र तिची झळ लागली नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केलेला सपाट आणि गोल पात्रांचा भेद आपल्याकडे फार लोकप्रिय झाला, पण त्याचेही काय झाले ते पाहण्याजोगे आहे. जे एका वाक्यात सांगून संपते ते सपाट आणि जे पटेल अशा रीतीने चकित करू शकते ते गोल, असा मूळ विचार. आपल्या पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतून 'हे पात्र गोल आहे' असे वाक्य येते आणि तेथेच थांबते. म्हणजे गोल हेही एक विशेषण झाले, दुसऱ्या रकान्यात बसणारे.

गंमत अशी की संरचनावादाने या तक्त्याला अनपेक्षितपणे प्रतिष्ठा दिली. रोलां बार्थ यांच्या १९७० सालच्या 'एस/झेड'मध्ये पात्राची जी उपपत्ती येते तीत विशेषनाम हा एक बिंदू असून त्या बिंदूवरून अर्थाचे तेच ते घटक पुन्हापुन्हा जाऊ लागले आणि तेथे स्थिरावल्यासारखे वाटले म्हणजे पात्र निर्माण होते. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थघटक : वहीतले पान याहून वेगळे काय आहे? वेगळेपण आहे ते 'पुन्हापुन्हा जाऊ लागले' या क्रियेत. बार्थ यांच्या वाचकासमोर हे घटक येतात, जातात, मध्येच दुसऱ्या कशाला तरी चिकटतात, बऱ्याच पानांनी परततात. वहीत ही ये-जा संपलेली असते. उजळणी वाचनाचा काळ पुसून टाकते आणि पात्र त्या काळातच घडलेले असते.

'श्यामची आई' हे नावच घ्या. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात आईला स्वतःचे नाव आहे, तरी ग्रंथाने आणि वाचकांनी तिला ओळखले ते एका नात्याने. म्हणजे ज्या बिंदूवर गुण स्थिरावायचे, तो बिंदूच विशेषनाम नाही. त्यात निवेदकाचे नाव आधीपासून बसलेले आहे. आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगणारा प्रौढ श्याम आणि त्या आठवणींतला हट्टी, भित्रा, कधी चोरी करणारा लहान श्याम, या दोघांमधल्या अंतरातून ही आई दिसते. पोहायला जावे लागू नये म्हणून लपून बसलेल्या श्यामला ती मारते आणि पोहून परतल्यावर त्याच मारासाठी कळवळते. तक्त्यात या एका प्रसंगाचे दोन तुकडे होतात : मारणे शिस्तप्रियतेत आणि कळवळणे प्रेमळपणात. प्रसंगाचा अर्थ मात्र या दोन गुणांच्या बेरजेत सापडत नाही. मार आणि कळवळा यांच्यामध्ये जो अवधी गेला, त्यात तो आहे. आणि तो अवधी आज कोण सांगते आहे? आई गेल्यावर, मार खाल्लेलाच मुलगा. 'शिस्तप्रिय' हा शब्द आईचा नव्हे, लहान श्यामचा तर मुळीच नव्हे. फार तर तो प्रौढ निवेदकाचा म्हणता येईल. वहीत तो कोणाचाच राहात नाही.

अंतू बर्व्याच्या बाबतीत क्रमाचे महत्त्व अधिकच स्पष्ट होते. 'व्यक्ती आणि वल्ली'मधील (१९६२) या व्यक्तिचित्राचा आरंभ आपल्याला हसवतो. रत्नागिरीच्या त्या आळीतले बोलणे, प्रत्येक गोष्टीला लावलेली ती आडवी फूटपट्टी, यांनी वाचक निर्धास्त होतो. हा वल्ली आपल्याला कळला, असे त्याला वाटू लागते. मग गावात वीज येण्याच्या गोष्टीवर अंतूचा शेरा येतो. लख्ख उजेडात आपलेच दारिद्र्य दिसेल, त्यापेक्षा आहे तो अंधूक प्रकाश बरा, अशा अर्थाचा. येथे हसू अडखळते आणि आतापर्यंतचे सर्व तिरकस बोलणे मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागते. त्यानंतर, परदेशी निघालेल्या निवेदकाच्या हाती तो अंगाऱ्याची पुडी देतो. निवेदकाचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे पुरते ठाऊक असून देतो. 'वरून काटेरी, आतून गोड' हे ठरीव उत्तर यावर तयारच असते, कारण फणसाची उपमा संहितेनेच पुरविली आहे. परंतु संहितेत ती सर्वांत शेवटी येते. उत्तरपत्रिकेत ती पहिल्या वाक्यात येते आणि तेवढ्यानेच व्यक्तिचित्राचा घात होतो. मुलीचे प्रश्नचिन्ह म्हणूनच मला वाचकाचे वाटले : हा प्रसंग आधीच्या विशेषणांच्या पंक्तीला बसत नाही, त्यांनाच हलवतो, हे तिला जाणवले होते. त्या जाणिवेसाठी चौथा रकाना मात्र तिच्यापाशी नव्हता.

तो आपल्या परंपरेत होता का? आपण प्रश्न विचारतो तो 'स्वभावविशेष लिहा' असा, आणि 'स्वभावाला औषध नाही' असे म्हणणाऱ्या भाषेत तो विचारतो. या शब्दातच अचलतेचा निर्णय दडलेला आहे. संस्कृत नाट्यशास्त्रातील धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशान्त हे नायकभेद आपण याच अर्थाने शिकवीत आलो. चार पेट्या, प्रत्येक पेटीत नायक. पण त्याच शास्त्राने नायिकांचे जे आठ प्रकार सांगितले ते स्वभावाचे नाहीत. वासकसज्जा, खंडिता, कलहान्तरिता, प्रोषितभर्तृका : या अवस्था आहेत, 'दशरूपका'त त्यांना अवस्थाच म्हटले आहे. आज वासकसज्जा असलेली नायिका उद्या खंडिता होऊ शकते. तिचे नाव तिच्या घडीचे नाव आहे. (तिच्या सगळ्या घडी पुरुषाच्या येण्याजाण्यावर मोजल्या आहेत, हा आक्षेप रास्तच आहे, येथे प्रश्न वर्गीकरणाच्या तत्त्वाचा आहे.)

'दशरूपका'वरील 'अवलोक' या टीकेत धनिक आणखी एक पाऊल टाकतो. धीरललित इत्यादी शब्दही जातिवाचक नसून गुणांनी युक्त अशा अवस्थांचे वाचक आहेत, असे त्याचे म्हणणे. दृष्टान्त अस्सल गोठ्यातला आहे : वासरू, वृषभ आणि मोठा बैल ही एकाच प्राण्याची निरनिराळी नावे. दहाव्या शतकातील या टीकाकाराने स्वभावाच्या पेट्यांची झाकणे उघडली आणि उदाहरण दिले ते परशुरामाचे. रावणाच्या संदर्भात तो एक दिसतो, रामासमोर दुसरा, नंतर आणखी वेगळा. पण लगेच धनिक मागे सरतो. ही मुभा गौण नायकांना; प्रधान नायकाने आरंभी घेतलेली अवस्था सोडता कामा नये. उदात्त म्हणून मांडलेल्या रामाने वालीला कपटाने मारावे, हे त्याला न्याय्य वाटत नाही.

धनिकाची ही माघार आपल्यापर्यंत पोचली आहे, असे माझे मत आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'वरील पदव्युत्तर उत्तरपत्रिका तपासताना ते वारंवार दिसते. सुधाकरात झालेला बदल विद्यार्थी नीट टिपतात : सनद रहित होणे, तळीरामाने पुढे केलेला पेला, पुढची घसरण. तळीरामाविषयीही दोन बाजूंनी लिहितात. सिंधू मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सहनशील, सात्त्विक, पतिव्रता. वही तीच, फक्त अक्षर प्रौढ झालेले. आता मरणाच्या दारातील सिंधूने पोलिसांपुढे दिलेली जबानी आठवावी. नवऱ्याला वाचविण्यासाठी ती खोटे बोलते. हे खोटे 'पतिव्रता' या रकान्यात पुरावा म्हणून बिनबोभाट नोंदले जाते. 'सात्त्विक' या रकान्याला त्याने काय केले, हे कोणी विचारीत नाही. माहेरची मदत नाकारून दळण दळणाऱ्या बाईला शब्द पाळण्याची सवय आहे. तिने शेवटी शब्द मोडला असेल, तर तो कोणत्या अवस्थेत? ही जबानी म्हणजे तिच्या निष्ठेची परिसीमा, की ज्या निष्ठेने तिचे मूल गेले त्याच निष्ठेपुढे सत्यानेही हरावे, हा नाटकाने तिच्यावर केलेला अखेरचा अन्याय? दोन्ही वाचनांना संहितेत आधार आहे. गडकऱ्यांचा कल पहिल्याकडे असावा. पण लेखकाचा कल म्हणजे पात्राचा स्वभाव नव्हे.

स्वभाव सोडून नुसत्या अवस्था घेतल्या तर पात्र विखरून जाईल, असा आक्षेप येथे येऊ शकेल. अंगारा देणारा आणि विजेवर शेरा मारणारा अंतू एकच आहे, हे वाचकाला कशावरून कळावे? आक्षेपात तथ्य आहे. वृषभ आणि वासरू ही एकाच प्राण्याची नावे, असे म्हणताना 'एकाच' हा शब्द धनिकानेही गृहीतच धरला आहे. मात्र ही एकता आधी देऊन मग प्रसंग तिच्याखाली लावायचे, की प्रसंग ओलांडता ओलांडता ती वाचकाच्या हाती यावी, यात फरक आहे. प्राश्निकाला तो प्रश्नाच्या शब्दांतच आणता येईल : 'अंतू बर्वा याचे स्वभावविशेष लिहा' याऐवजी 'अंगाऱ्याच्या प्रसंगानंतर अंतूचे आधीचे कोणते बोलणे तुम्हांला वेगळे ऐकू येते?' असे विचारून. अशा उत्तराला गुण कसे द्यायचे, हा परीक्षकापुढचा पेच खरा आहे आणि एकाच वेळी शेकडो उत्तरपत्रिका समोर असताना तो लहानही नाही.

त्या मुलीने परीक्षेपूर्वी 'प्रेमळ'पुढचे प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसले. शब्द पेनाने गिरवून शेजारी 'अंगारा' असे लिहिले. त्या पानावर आता पाच विशेषणे आहेत.