सामर्थ्य आणि सोशिकपणा : एका भाषणाच्या दोन संहिता

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीविषयी ‘स्ट्राँग’ हे विशेषण इतके रूढ झाले आहे, की ते आता प्रशंसा न राहता अपेक्षा बनले आहे. ह्या विशेषणाचे मराठी भाषांतर करू लागताच त्यातील द्व्यर्थ उघड होतो. ‘समर्थ’ म्हणजे जी करू शकते ती. ‘सोशीक’ म्हणजे जी सोसू शकते ती. सामर्थ्याच्या आधारे हक्क मागता येतो. सोशिकपणाच्या आधारे मात्र दुसऱ्यांना तिच्यावर आणखी भार टाकता येतो. हे दोन अर्थ एकमेकांत कसे मिसळतात, हे सोजर्नर ट्रूथ ह्यांच्या भाषणाच्या पाठभेदांवरून दिसून येते.

हे भाषण १८५१ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथील स्त्री-हक्क परिषदेत झाले. त्याच वर्षी जून महिन्यात मॅरियस रॉबिन्सन ह्यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात ट्रूथबाई नांगरणी, कापणी ही आपली कामे सांगतात आणि पुरुषाइतके काम करणाऱ्या स्त्रीला समान हक्क का नसावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. बारा वर्षांनी, १८६३ साली, फ्रान्सिस गेज ह्यांनी दुसरी संहिता प्रसिद्ध केली. स्त्रीत्वाविषयीचा तो प्रसिद्ध प्रश्न ध्रुवपदासारखा येतो तो ह्याच संहितेत. रॉबिन्सन ह्यांच्या वृत्तांतात तो नाही. गेजबाईंच्या ट्रूथ दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत बोलतात. वस्तुतः त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला व मातृभाषा डच. त्यांना पाच अपत्ये होती. येथे ती तेरा झाली आहेत. शिवाय चाबूकही पुरुषाइतकाच सोसण्याची शक्ती हे येथे एक प्रमाण म्हणून येते. रॉबिन्सन ह्यांच्या वृत्तांतात चाबूक नाही.

दोन्ही संहिता दुसऱ्यांनी लिहिलेल्या आहेत, कारण ट्रूथबाईंना लिहिता येत नव्हते. फटक्यांची गोष्टही खोटी नव्हे. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या, त्यांनी सांगितलेल्या आत्मवृत्तात ती हकीकत आहे : लहानपणी विकत घेणाऱ्या नव्या धन्याची इंग्रजी त्यांना कळत नसे, आणि त्या घरी त्यांना निर्दयपणे मार बसला. परंतु तेथे ते एका मुलीचे दुःख आहे. गेजबाईंच्या संहितेत ती पात्रता झाली आहे. घटना तीच, वाक्यातील तिचे कार्य मात्र पालटले आहे. नेल पेंटर ह्यांनी १९९६ च्या चरित्रात व्यक्ती व प्रतीक ह्यांतील अंतर दाखविले, तरी लोकस्मृतीत गेजबाईंचीच संहिता अधिक रुजलेली आहे.

ह्या प्रतीकाची किंमत कोण देते? मिशेल वॉलेस ह्यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात ह्या ‘अतिमानवी’ स्त्रीला मिथक म्हटले. चेरिल वूड्स-जिस्कोम्बे ह्यांच्या २०१० च्या संशोधनात आफ्रिकी-अमेरिकन स्त्रियांनीच ह्या भूमिकेचे वर्णन केले : बळ दाखविण्याचे बंधन, भावना दाबण्याचे बंधन, परावलंबी दिसण्याची नामुष्की, अपुऱ्या साधनांनिशी यश मिळविण्याची जिद्द, आणि इतरांना मदत करण्याचे कर्तव्य. ही भूमिका कुटुंब व समाज टिकवून धरते, हेही त्यांनी सांगितले. पण नात्यांतील ताण आणि शरीरावर उमटणारा मनस्ताप हेही तिचेच फळ होय.

ह्यावर असा आक्षेप येईल, की हे विशेषण टाकून दिल्यास त्या स्त्रियांचा प्रतिकारच नाकारल्यासारखे होईल. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर रॉबिन्सन ह्यांच्या संहितेतच आहे. तेथे बळ आहे, आणि त्या बळापुढे मागणीही आहे. मागणी गळून केवळ बळ उरते, तेव्हा ऐकणारा टाळ्या वाजवून मोकळा होतो. म्हणून हे विशेषण मराठीत आणताना ‘समर्थ’ की ‘सोशीक’ हे भाषांतरकाराने प्रत्येक स्थळी ठरविले पाहिजे. जेथे मूळ वाक्यात ‘सोशीक’ हाच अर्थ अभिप्रेत असेल, तेथे सोसावयास लावणारा कोण, हाही प्रश्न समीक्षकाने विचारावयास हवा.