पाणी कुणाच्या हातचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, ख्रिस्ती दृष्टीतून समाजपरिवर्तन म्हणजे नेमकं काय?" व्याख्या देत बसण्याऐवजी आज आम्ही एक पुस्तक उघडतो : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

१९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र आपण त्यातल्या विनोदासाठी वाचतो, नवरा-बायकोच्या गोष्टीसाठी वाचतो. 'साधी, प्रांजळ लेखिका' म्हणून बाईंची बोळवण करतो. त्यातला विचार मात्र निसटतो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. मग काय घडलं? आधी जात गळून पडली. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्म बदलला म्हणून माणसं सारखी दिसू लागली, असं नव्हे. माणसं सारखी आहेत हे आधी पटलं.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू भर दुपारी विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता, तरी मागतो. देणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो. मागणाऱ्याला खाली उतरावं लागतं. लक्ष्मीबाईंचं परिवर्तन याच जातीचं आहे, भाषणातलं नव्हे, पाण्याच्या भांड्याशी झालेलं.

आता आपल्याकडे पाहू. गोव्यात बामण, चार्डो, शूद्र हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले. दुसरीकडे, अनुसूचित जातींबाबतच्या १९५०च्या आदेशात शिखांचा १९५६ला आणि बौद्धांचा १९९०ला समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. हा अन्यायच आहे, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण गंमत बघा. "आमच्यात जात नाही," असं आपण वेदीवरून सांगतो आणि "आमच्यात जात आहे," असं सरकारकडच्या अर्जात लिहितो. दोन्ही खरं कसं असेल? अर्जातलं खरं आहे. म्हणूनच वेदीवरच्या वाक्याबद्दल पश्चात्ताप हवा. तो केल्याशिवाय दिल्लीकडे दाखवलेल्या बोटात जोर येणार नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सुनावतोय असं समजू नका. आयुष्यभर आम्ही वर्गात कांट शिकवला : माणूस हे साध्य आहे, त्याला नुसतं साधन करू नये. आणि मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा पहिला प्रश्न आमच्याच तोंडून गेला, "मूळचे कोण?" मुलगा काय करतो, कसा आहे, हे नंतर. मुलगी काही बोलली नाही, उठून आत गेली. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट त्या दिवशी उपयोगी पडली नाही.

तेव्हा आजच्या संस्कृतीला, मोबाइलला, तरुण पिढीला दोष देण्याआधी एवढंच तपासू या : आपल्या घरी लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न कोणता निघतो? आमचं उत्तर सांगून झालं. तुमचं ऐकायला आम्ही थांबलो आहोत.