चाच्याच्या खांद्यावरचा पोपट

इंग्रजीत ‘पायरेट’ म्हटले की खांद्यावरचा पोपट, लाकडी पाय आणि फुली मारलेला खजिन्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. ही चित्रे बव्हंशी एकाच कादंबरीने रूढ केली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्यांची ‘ट्रेझर आयलंड’ १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकातून क्रमशः येऊन १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

मूळ कादंबरी वाचताना मात्र आश्चर्य वाटते. चाच्यांचा म्होरक्या जॉन सिल्व्हर ह्याला लाकडी पाय नाहीच. तो कुबडीवर चालतो. नकाशावर फुल्याही तीन आहेत. पण हे किरकोळ झाले. चौदाव्या प्रकरणात टॉम नावाचा प्रामाणिक खलाशी बंडात सामील होण्यास नकार देतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. सिल्व्हर तीच कुबडी त्याच्या पाठीत फेकून मारतो आणि खाली कोसळलेल्या त्या असहाय माणसाला सुऱ्याने दोनदा भोसकतो. लपून बसलेला कोवळा जिम हे पाहतो आणि त्याला भोवळ येते. लेखकाने काहीच लपवलेले नाही. लपवले ते पुढच्या काळातील भाषेने. तिने पोपट तेवढा उचलला आणि टॉमला बेटावर टाकून दिले.

ह्यामुळे खेळण्यांत, जाहिरातींत चाचा हा लाडका उडाणटप्पू होऊन बसला. चोरून उतरवलेल्या चित्रपटालाही आपण ‘पायरसी’ म्हणतो. ‘चोरी’ म्हटले असते, तर मुलाकडून ती प्रत मागून घेताना आपला हात क्षणभर तरी आखडला असता. (इंग्रज कंपनीने मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांनाही ‘पायरेट’ ठरवले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे जहाज पळवले. भारतीय नौदलाने १६ मार्च २०२४ रोजी त्यावरील १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. तीन महिने ते खलाशी ओलीस होते. जहाजावर मुलगा असलेल्या आपल्याकडील घरांत ही बातमी वाचताना कुणाला पोपट आठवला नसेल.

मुलांना ही कादंबरी जरूर द्यावी. संक्षिप्त आवृत्ती घेताना टॉमचा प्रसंग तीत ठेवला आहे ना, एवढे मात्र आधी चाळून पाहावे.