‘कालिया मर्दन’ : एक रसग्रहण

दादासाहेब फाळके यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि तो पाहता पाहताच त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या समाजात ही हकिगत अभिमानाने सांगितली जाते. पण त्या दर्शनातून पुढे जे निर्माण झाले, ते पाहण्याची तसदी आपल्यापैकी किती जणांनी घेतली? आम्हीही घेतली नव्हती. पौराणिक चित्रपट म्हणजे पुठ्ठ्याचे मुकुट आणि तारेवरून सुटणारे बाण, असा ग्रह आम्ही सेमिनरीपासून बाळगून होतो. गेल्या पावसाळ्यात हट्ट्याला, भिंतीवर चादर ताणून, ‘कालिया मर्दन’ (१९१९) मुलांसमवेत पाहिला आणि तो ग्रह सोडावा लागला.

नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी फाळके यांनी काढलेला हा मूकपट. त्यांच्या बहुतेक कृती काळाच्या उदरात गेल्या. ही मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे बऱ्याच अंशी शाबूत राहिली.

कथा भागवताच्या दशम स्कंधातील. परंतु फाळके डोहापाशी पोहोचण्याची घाई करीत नाहीत. आरंभी त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी आपल्या साध्या रूपात निरनिराळे भाव दाखविते. मग तोच चेहरा कृष्णाच्या वेषातील चेहऱ्यात मिसळून जातो. ही माझी पोर, आता हिला कृष्ण माना, असे जणू बाप सांगतो आहे! चमत्कार दाखवू पाहणारा माणूस प्रथम आपली युक्तीच उघड करतो, हे धाडस आम्हास विलक्षण वाटले. त्यानंतर बराच वेळ गोकुळातील खोड्या चालतात : लोण्याची चोरी, सवंगड्यावर पाणी फेकणाऱ्या बाईवर उगविलेला सूड, निजलेल्या जोडप्याची दाढी आणि केस एकमेकांस बांधण्याचा उद्योग. प्रथम हा पाल्हाळ भासला. तो तसा नाही, हे डोहाकाठी कळले.

नाग नकली आहे, हे लपत नाही. शेतात खरा नाग पाहिलेली आमची पोरे खो-खो हसली. पण पाण्याखालच्या झुंजीतून दिग्दर्शक वारंवार काठावर परततो, आणि तेथे यशोदा व गोकुळवासी आकांत करीत असतात. तेथे हसणे थांबले. पाण्यात कोणी अवतारी पुरुष नव्हे, ज्याच्या खोड्यांनी गाव हैराण झाले होते तेच पोर आहे, हे प्रेक्षकास ठाऊक असते.

एक उणीव नोंदविली पाहिजे. भागवतात नागपत्नींची स्तुती हा प्रसंगाचा गाभा. कालियाला जीवदान मिळते ते त्यानंतर. मूकपटाला ती स्तुती पेलत नाही. शरणागती दिसते, तिची खोली दिसत नाही.

दर नाताळात आम्ही मुलांचे नाटक बसवितो. देवदूताची दोरी दिसू नये म्हणून केवढी धडपड! गव्हाणीतून निघालो की थेट कालवरी. मधली नाझरेथची वर्षे आमच्या संहितेत एका वाक्यात उरकतात. यंदा त्या वाक्याच्या जागी एक प्रवेश लिहिला आहे. मरियामाता पाण्याला गेली आहे आणि बाळ येशू योसेफच्या लाकडाच्या भुशात खेळतो आहे. भूमिकेसाठी सात वर्षांची एक मुलगी आमच्या डोळ्यांपुढे आहे. धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना अजून विचारलेले नाही.